पीएचडीच्या कर्जाला जामीन कोणाचा?

डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारच्या सारथी संस्थेकडून पीएचडीच्या संशोधकांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीचा (फेलोशिपचा) प्रश्न निघाला आणि पीएचडी करून ही मुलं असे काय दिवे लावणार आहेत, असा सवाल अजित पवारांनी केला. त्यावर व्हायचा तेवढा गदारोळ झाला, आंदोलनं झाली, खुलासेही झाले. पण तेव्हापासून महाराष्ट्रात हा वाद ज्या दोन टोकांवर अडकला, तिथून तो हललेला नाही. एक गट म्हणतो, करदात्याच्या पैशावर पाच-पाच वर्षं कोणाला पोसायचं नाही. ज्याला डॉक्टर व्हायची हौस आहे त्यानं कर्ज काढावं. दुसरा गट म्हणतो, कर्जाचं नावही काढू नका. अधिछात्रवृत्ती हा हक्क आहे आणि कर्ज ही सावकारी. गंमत अशी की सरकारी योजनेतलं शैक्षणिक कर्ज पीएचडीसाठी नेमकं कोणाला मिळतं, हे पाहायची तसदी दोघांनीही घेतलेली नाही. पहिल्या गटाला वाटतं ते कोणालाही मिळतं. दुसऱ्याला वाटतं ते मिळून गळ्यात पडेल. प्रत्यक्षात ज्याला त्याची गरज असते तो पात्रतेच्या उंबरठ्यावरच अडतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अधिछात्रवृत्ती हा संशोधनाच्या कामाचा मोबदला आहे, त्यातला एक रुपयाही कर्जाच्या नावाखाली कमी होता कामा नये. पण ज्यांना अधिछात्रवृत्ती मिळत नाही, आणि अशांचीच संख्या मोठी आहे, त्यांच्यासाठी सरकारच्या हमीचं, आकारानं लहान असं कर्ज असायला हवं. आणि त्याची पात्रता ठरवताना संशोधकाकडे पाहावं. त्याच्या बापाच्या उत्पन्नाकडे, तिच्या सासरकडे किंवा संस्थेच्या क्रमांकाकडे नाही.

आजचे नियम काय सांगतात? इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना, जिच्यावर बहुतेक बँकांच्या योजना बेतलेल्या आहेत, ती विद्यार्थ्यासोबत सहकर्जदार मागते. तो सहसा आई किंवा वडील. व्याजात सवलत देणारी केंद्राची जुनी योजना साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी आहे, पण ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती, आणि पदवी किंवा पदव्युत्तर अशा एकाच टप्प्यावर, एकदाच. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी त्यापेक्षा उदार आहे, हे मान्य करायला हवं: तारण नको, जामीन नको, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के सरकारी हमी, आणि आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. मात्र संस्था एनआयआरएफच्या, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतून निवडलेली हवी. सुरुवातीला अशा ८६० संस्था ठरल्या. व्याजसवलत वर्षाला एक लाख नव्या विद्यार्थ्यांना, आणि त्यात प्राधान्य तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना.

या प्रत्येक अटीमागे एक माणूस गृहीत धरलेला आहे. वय अठरा, बारावी नुकतीच पास, वडील कमावते, अभ्यासक्रम चार वर्षांचा, शेवटच्या वर्षी कॅम्पसवर कंपन्या येणार, वर्षभरात हप्ता सुरू. अभियांत्रिकीच्या मुलासाठी हे माप ठीक आहे. पण पीएचडीला नोंदणी केलेला माणूस बहुतेक वेळा तिशीच्या आगेमागे असतो. त्याच्या वडिलांच्या उत्पन्नाचा आणि त्याच्या परतफेडीचा संबंध काय? वडील निवृत्त असतील, नसतील, शेतकरी असतील. हयात तरी असतील का? उत्पन्नाची मर्यादा घालताना हेतू गरिबाला मदत करण्याचा असतो, हे खरं. पण बत्तीस वर्षांच्या माणसाची गरिबी त्याच्या बापाच्या दाखल्यावरून मोजायची, ही पद्धत त्याला आयुष्यभर अल्पवयीन मानते.

संस्थेच्या क्रमांकाचं तर्कट याहून गमतीचं आहे. पदवीला मुलगा कॉलेज निवडतो. पीएचडीला विद्यार्थी मार्गदर्शक निवडतो, किंवा खरं तर जिथं जागा रिकामी असेल तो मार्गदर्शक त्याला मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२२च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. एखाद्याला कोरकू बोलीवर काम करायचं आहे आणि त्यातला जाणकार अमरावती जिल्ह्यातल्या एका संलग्न महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात बसलेला आहे. तो काय क्रमवारी बघून मुंबईला जाईल? तिथं त्याच्या विषयाचा माणूसच नसेल तर? क्रमवारीवरून संस्थेचा दर्जा कळत असेलही. मार्गदर्शकाचा कळत नाही, संशोधकाचा तर अजिबातच नाही.

माझ्या परिचयातल्या एक बाई तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतात. मानधन तासावर, तेही कधी चार-चार महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. पीएचडीचं तिसरं वर्ष. मुंबईला पुराभिलेखागारात बसायचं म्हणजे एलफिन्स्टन कॉलेजच्या त्या इमारतीत कापडी रुमालांत बांधलेल्या दप्तरांमधून कागद काढत किमान महिनाभर. राहायचा खर्च, कागदांच्या प्रती, बुडालेल्या तासांचं मानधन. त्यांना हवे होते दीड लाख. बँकेत गेल्या. अधिकारी सभ्य होता, मुद्दाम सांगतो, कारण या गोष्टीत खलनायक नाही. त्यानं अर्ज पुढे केला. 'अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर अपेक्षित मासिक उत्पन्न' या रकान्यात काय लिहायचं, हे दोघांनाही सुचेना. मग सहकर्जदाराचा प्रश्न आला. विवाहित अर्जदार असेल तर जोडीदार किंवा आईवडील किंवा सासूसासरे चालतात, असं त्यानं नियम वाचून सांगितलं. नवऱ्याचं आधीचं ट्रॅक्टरचं कर्ज थकलेलं, वडील नाहीत. राहिले सासरे. 'त्यांची सही आणा मॅडम, लगेच करून देतो.' बाई अर्ज पिशवीत घालून परत आल्या. सासऱ्यांकडे त्यांनी तो काढलाच नाही. पुढे काय झालं विचाराल, तर कानातल्या कुड्या गहाण पडल्या, आणि सोनेतारण कर्जाला अर्ध्या तासात मंजुरी मिळाली. तिथं कोणी विषय विचारला नाही.

सासऱ्यांच्या सहीवरून इरावती कर्वे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९२८ साली समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली एम.ए. झाल्यावर त्यांनी पीएचडीसाठी जर्मनीला जायचं ठरवलं. पती दिनकर कर्व्यांचा पाठिंबा होता. विरोध होता तो सासऱ्यांचा. आणि सासरे कोण, तर स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले धोंडो केशव कर्वे! म्हणजे आजची अट तेव्हा असती आणि सही सासऱ्यांकडे मागायची वेळ आली असती, तर महर्षींच्याच घरात ती अडली असती. पैसे उभे राहिले ते जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून. हे मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. बर्लिनमध्ये इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना त्यातून वंशभेदाचा पुरावा हवा होता. बाईंनी मापं घेतली आणि कवटीचा आणि वंशाचा असा संबंध दिसत नाही असं लिहून मोकळ्या झाल्या. १९३०मध्ये पदवी मिळाली. परत आल्यावर काही वर्षं महिला विद्यापीठात त्या कुलसचिव होत्या. ज्या डेक्कन कॉलेजशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, तिथं त्या रुजू झाल्या १९३९ साली. आजचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षात सुरू होतो. संशोधनाचं पीक कोणत्या हंगामात येतं हे कर्जाच्या तक्त्याला माहीत नसतं.

आंबेडकरांचं उदाहरण तर सगळेच देतात, पण अर्धवट. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३मध्ये कोलंबियाला गेले, हे सांगितलं जातं. तिला दहा वर्षं नोकरीचा करार जोडलेला होता आणि मुदत संपली म्हणून १९१७मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं, हे कमी सांगितलं जातं. १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्रानं दिलेलं पाच हजारांचं कर्ज यांच्या जोरावर. शिष्यवृत्ती आणि कर्ज यांना एकमेकांचे शत्रू ठरवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा बघावा. शिष्यवृत्तीनं वाट उघडली; ती संपली तेव्हा उरलेलं काम कर्जावर पुरं झालं. प्रश्न एवढाच की नवल भथेना प्रत्येकाला भेटत नाही. तो मिळणं नशिबावर सोडायचं की सरकारनं ती जागा घ्यायची?

आता विरुद्ध बाजूच्या मुद्द्यांकडे येतो, कारण त्यातले काही खरोखर जड आहेत.

पहिला: पीएचडीचं पीक माजलं आहे, त्यातलं बरंच हलकं आहे, आणि पैसा सोडला की ते अजून माजेल. हे खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. प्रबंध लिहून देणारी दुकानं आहेत. पैसे भरून छापणारी नियतकालिकं होती आणि आहेत. नोकरी नाही म्हणून नोंदणी करणारेही आहेत. पण या रोगावर आजची पात्रता औषध आहे का? बापाचा दाखला बघून नक्कल केलेला प्रबंध ओळखता येतो का? खोटा संशोधक अडवायचा असेल तर त्याच्या कामाशी जोडलेली अट हवी, आणि ती यंत्रणा आधीच उभी आहे. प्रत्येक विद्यापीठात संशोधन सल्लागार समिती आहे, दर सत्राला प्रगती अहवाल द्यावा लागतो, सादरीकरण करावं लागतं. नोंदणीच्या दिवशी कर्जच देऊ नका. कोर्सवर्क पुरा झाला, आराखडा मंजूर झाला, दोन अहवाल समाधानकारक आले, मग पहिला हप्ता. पुढचा अहवाल, पुढचा हप्ता. नुसत्या हौशीनं आलेला माणूस तोवर गळालेला असतो. अहवालावर डोळे झाकून सह्या होतात, असं कोणी म्हणेल. होतात. पण ज्या सहीवर सरकारचे पैसे सुटतात ती सही करताना हात थोडा अडखळतो, हाही अनुभव आहे.

दुसरा मुद्दा सगळ्यात जड: नोकऱ्याच नाहीत. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडते, पदं रिक्त ठेवून तासिकांवर काम भागवलं जातं. अशा माणसाच्या डोक्यावर कर्ज ठेवणं हा क्रूरपणा नाही का? आहे. बँकेच्या नेहमीच्या अटींवर ठेवलं तर नक्कीच आहे. म्हणून पात्रतेइतकीच परतफेडीची अट महत्त्वाची. इंग्लंडनं २०१८पासून पीएचडीसाठी सरकारी कर्ज सुरू केलं, तेव्हा २५ हजार पौंडांपर्यंत. त्यांच्या पात्रतेत काय आहे पाहा: वय साठच्या आत, इंग्लंडमध्ये रहिवास, आधीची तेवढीच किंवा वरची पदवी नको, आणि ज्याला संशोधन परिषदेची वृत्ती मिळते त्याला हे कर्ज नाही. आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. जामीन नाही. परतफेड वर्षाला २१ हजार पौंडांच्या वरच्या कमाईवर सहा टक्के. कमाई त्याखाली असेल तर काही नाही. तीस वर्षांत फिटलं नाही तर उरलेलं माफ. तिथंही सगळं गोड नाही. व्याज चढं आहे, आणि तीन-चार वर्षांच्या राहण्याला ती रक्कम पुरत नाही. पण कमावशील तर फेडशील, हे तत्त्व अटीतच लिहिलेलं आहे.

आपल्याकडे कमाईचा माग काढणं अवघड, असं यावर म्हटलं जातं, आणि सर्वसाधारण कर्जदाराबाबत ते बरोबरही आहे. पण पीएचडी झालेला माणूस स्थिरावतो कुठे? अनुदानित महाविद्यालयात, विद्यापीठात, शासकीय संस्थेत. म्हणजे त्याचा पगार सरकारच्याच तिजोरीतून, सेवार्थ प्रणालीतून निघतो. जिथून भविष्य निर्वाह निधी कापला जातो तिथून कर्जाचा हप्ता कापायला काय नवीन यंत्र लागतं? आणि जो स्थिरावलाच नाही, त्याच्याकडून वसुली होणार नाही हे आधीच मान्य करून तेवढी तूट सरकारनं धरून चालावी. ज्या सरकारनं पदं भरली नाहीत, त्यानं ती तूट सोसण्यात अन्याय कसला?

हे काही परदेशी खूळ नव्हे. भारत सरकारनं १९६३मध्ये राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना काढली होती. गुणवान आणि गरजू विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज, आणि कर्जदार पुढे शिक्षकी पेशात गेला तर सेवेच्या प्रत्येक वर्षाला कर्जाचा दहावा हिस्सा माफ. दहा वर्षं शिकवलं की खातं निरंक. ही योजना बुडाली, आणि बुडाली ती वसुलीअभावी. विरोधकांनी हे बोट दाखवून सांगावं, त्यांचा हक्क आहे. पण तेव्हा ना पॅन क्रमांक पगाराला जोडलेला होता, ना पगारपत्रक संगणकावर. पत्ता बदलला की कर्जदार गडप. योजनेतली कल्पना वाईट होती की टपालावर चालणारी वसुली? तो दहाव्या हिश्श्याचा नियम मला तर आजच्या कोणत्याही व्याजसवलतीपेक्षा शहाणा वाटतो.

अमेरिकेत सध्या वेगळाच घोळ आहे. २०२५च्या कायद्यानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी कर्जाला मर्यादा घातल्या: साध्या पदव्युत्तर अभ्यासाला एकूण एक लाख डॉलर, व्यावसायिक पदवीला दोन लाख. लगेच कोणती पदवी व्यावसायिक यावर भांडण जुंपलं. पात्रता पदवीच्या लेबलावर बेतली की असं होतं. आपल्याकडे 'तांत्रिक-व्यावसायिकांना प्राधान्य' या शब्दांत तोच घोळ लपलेला आहे. फक्त इतिहास, मराठी आणि समाजशास्त्राचे लोक अर्जच करत नसल्यानं भांडण होत नाही.

तिसरी भीती माझ्याच बाजूच्या लोकांची आहे, आणि ती मला सगळ्यात खरी वाटते. कर्जाची सोय झाली की सरकार अधिछात्रवृत्ती गुंडाळेल. हिशेब मोहात पाडणाराच आहे. जानेवारी २०२३पासूनच्या दरानं कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना ३७ हजार, वरिष्ठ ४२ हजार. दोन वर्षं आणि तीन वर्षं धरली तर घरभाडं सोडून एका संशोधकावर २४ लाख. तेवढ्यात तीन-तीन लाखांची आठ कर्जं होतात, तीही परत येणारी. वित्त विभागातला कोणीही हुशार अधिकारी ही बेरीज पाच मिनिटांत करेल. २०२३मध्ये सारथी आणि तिच्यासारख्याच बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जागांवर प्रत्येकी दोनशेची मर्यादा आणणाऱ्यांना तर ती करायला पाचही मिनिटं लागायची नाहीत. म्हणूनच कर्जाचा विषय अधिछात्रवृत्तीवाल्यांनी हातात घ्यायला हवा. 'नको' म्हणून तो सोडून दिला तर मसुदा दुसराच कोणी लिहील. इंग्लंडची अट इथं उपयोगाची आहे: ज्याला वृत्ती चालू आहे तो कर्जाला अपात्र. म्हणजे एकाची जागा दुसरं घेऊच शकत नाही. आणि कर्जाचा निधी वेगळ्या लेखाशीर्षातून, अधिछात्रवृत्तीच्या जागांचा आकडा शासननिर्णयातच बांधलेला.

वृत्ती 'चालू' आहे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. अधिछात्रवृत्ती फार तर पाच वर्षं. यूजीसीच्याच नियमात पीएचडीला मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीनं आणखी दोन, आणि महिलांना त्यावर अजून दोन. म्हणजे बाईला दहा वर्षं लागू शकतात हे नियम मान्य करतो, पैसे मात्र पाचव्या वर्षी थांबतात. प्रबंध अर्ध्यावर सुटतात ते बहुधा याच खिंडीत, सगळी सामग्री गोळा झाल्यावर, लिहायचं तेवढं उरलेलं असताना. तिथं लागणारी रक्कम मोठी नसते. केंद्रीय विद्यापीठांत नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्यांना महिना आठ हजार तरी मिळतात. राज्य विद्यापीठातल्या तशाच संशोधकाला सहसा काहीच नाही. या दोन जागा भरायला दोन-तीन लाखांचं, टप्प्याटप्प्यानं मिळणारं कर्ज पुरतं.

इतकी गावं तहानलेली असताना, जिल्हा परिषदेच्या शाळा गळत असताना डॉक्टरांना कर्जं कसली, असाही एक सूर असतो. त्याला उत्तर देण्यात मी फार शाई घालवणार नाही. दुकानाला, परदेशी एमबीएला सरकारी हमीचं कर्ज देताना हा सूर ऐकू येत नाही.

उच्च शिक्षण विभागाला खरंच काही करायचं असेल तर सुरुवात अर्जाच्या नमुन्यापासून करता येईल. वडिलांच्या उत्पन्नाच्या रकान्याच्या जागी अर्जदाराचं स्वतःचं उत्पन्न, सहकर्जदाराच्या सहीच्या जागी संशोधन सल्लागार समितीचे शेवटचे दोन अहवाल, संस्थेच्या क्रमांकाच्या जागी नोंदणी क्रमांक आणि मार्गदर्शकाचं नाव. अपेक्षित उत्पन्नाचा रकाना काढून टाकावा. आणि अनुदानित किंवा शासकीय महाविद्यालयात, त्यातही तालुक्याच्या गावी, शिकवायला राहिलेल्याला १९६३चा तो दहाव्या हिश्श्याचा नियम पुन्हा लागू करावा, तासिकेवर काढलेली वर्षं त्यात धरून.